दीड मीटर

ट्रेसिंग पेपरवरची शाईची रेघ पुसत नाहीत,
ब्लेडच्या अर्ध्या पात्याने खरवडतात,
श्वास रोखून, कागद फाटू न देता.
बत्तीस वर्षं मी तेच केलं,
फोंड्याच्या बांधकाम कचेरीत, खिडकीजवळच्या टेबलावर.

त्या नकाशात रस्त्याच्या दोन्ही अंगांना
दीड-दीड मीटर
मी चालणाऱ्यांसाठी सोडले होते.
साहेब ओणवे झाले, कपबशी नकाशावरच ठेवून म्हणाले,
"केंकरे, कुर्टीला चालतं कोण?
टिप्पर वळायला हवेत."
मी एकदाच म्हटलं, निदान गटारावर लाद्या?
"ते पुढच्या टेंडरात."
मग मी पातं काढलं.
(खरवडल्या जागी शाई पुन्हा धरत नाही, फुटते,
हे मी शिकाऊ पोरांना नेहमी सांगायचो.)

रस्ता झाला. तळहातासारखा गुळगुळीत.
डांबर संपतं तिथेच गटार सुरू.
चालतं कोण, ते निवृत्त झाल्यावर कळलं,
दुधाची पिशवी घेऊन मीच चालू लागलो तेव्हा:
शाळेची पोरं, दप्तरं पोटाशी धरून एका ओळीत,
कारखान्यातून रात्री सुटलेले ओडियाचे मुलगे
मोबाइलचा उजेड पाठीमागे दाखवत,
आणि आनंदी गावडे,
तिस्कावर विकायला तांबडी भाजी डोईवर घेऊन.
ती ट्रकाला हात करायची
परसात शिरलेल्या गुराला करावा तसा.

मंगळवारी पहाटे पोलिसांनी मला पंच म्हणून बोलावलं.
"बाब, तुम्ही जवळच राहता. जरा टेप धरा."
शून्याचं टोक माझ्याकडे, गटाराच्या काठावर.
हवालदार टेप सोडत रस्त्यात गेला,
भाजीच्या जुड्यांवरून पाय उचलत.
तिला बांबोळीला नेलं होतं.
वाचेल, म्हणत होते सगळे.
चालेल, असं कोणी म्हणत नव्हतं.

"काठापासून चप्पल," तो मोठ्याने वाचू लागला,
"एक मीटर, दहा."

म्हणजे माझ्या रेघेच्या आत.
चाळीस सेंटिमीटर आत.

त्याने गुडघ्यावर वही ठेवून आकृती काढली.
टिप्पर म्हणजे चौकोन, आनंदी म्हणजे फुली,
रस्ता म्हणजे दोन वाकड्या रेघा, त्यांच्या बाहेर काहीच नाही.
"बरोबर आहे ना? सही करा."

उत्तर दिशेचा बाण तो विसरला होता.
पेन मागून
तेवढा मी काढून दिला.