वेळापत्रकातला ळ

मार्च आणि सप्टेंबर, दुसरा मंगळवार.
एवढंच वेळापत्रक.
गुरुवार मुद्दाम सोडला. गुरुवारी धायरीत वीज जाते
आणि निहाल शिकलगारचा लॅपटॉप
बॅटरीवर सतरा मिनिटं टिकतो.

आधी तारीखच नव्हती.
झालं की सोडू, म्हणायचो.
तीन वर्षं होतच होतं.
छोट्या वाचनालयांसाठी फुकट, खुलं सॉफ्टवेअर:
पुस्तक कुणाकडे, कधीपासून, दंड किती.
आमच्या उशिराला दंड नव्हता.
प्रत्येकाला अजून एकच गोष्ट घालायची होती.
माझीही होती, जाऊ दे.

मग खळदकर बाई आल्या. बँकेतून निवृत्त,
आमच्या चुका शोधतात,
सापडली की आधी चहा टाकतात.
कर्वेनगरला, फ्रिजवरच्या कॅलेंडरात,
दुधाच्या खाड्यांशेजारी
त्यांनी लाल पेनाने गोल केला.
"मार्चएंड कधी कुणासाठी थांबलाय का हो?
जुळलं नाही ते सस्पेन्सला टाकायचं
आणि शटर ओढायचं."

तेव्हापासून दोन आठवडे आधी शटर.
नवं काही आत नाही, फक्त दुरुस्त्या.

यंदा शटर ओढल्यावर, रात्री पावणेदोनला,
निहालने ळ पाठवला.
आमच्या याद्यांत ळ उगाच ल च्या मागे उभा असायचा,
काळे कासारांच्या आधी यायचे.
निहालने त्याला ह च्या पलीकडे नेऊन ठेवलं,
शाळेत गिरवला होता तिथे.
चौदा ओळी. मी दोनदा वाचल्या.
भोरचे ग्रंथपाल दीड वर्ष हेच मागत होते.
खाली लिहिलं होतं, "ताई, एवढं घ्याल?"

घेता आलं असतं.
बटण माझ्याच बोटाखाली होतं.

लिहिलं, "सप्टेंबर."
कोरडं वाटलं, म्हणून पुढे जोडलं,
"सप्टेंबरात पहिला हाच."
सकाळी भोरला फोन केला, माफीची तयारी ठेवून.
ते म्हणाले, "तारीख आहे ना? मग झालं.
आजवर नुसतं लवकरच म्हणायचात."

मंगळवारी आवृत्ती सुटली.
घोषणा तपासताना दिसलं:
वेळ, काळ, मंगळवार,
गडी सगळीकडे हजर,
आणि एकाही शब्दाच्या सुरुवातीला नाही.

बुधवारी निहाल बोलला नाही.
गुरुवारी वीज नव्हती.
शुक्रवारी त्याने विचारलं,
सप्टेंबरचा दुसरा मंगळवार
म्हणजे नक्की कितवी तारीख?