सुधारित आवृत्ती

लीड्समधल्या सरकारी इमारतीत, तिसऱ्या मजल्यावर,
म्युरिएल ऑटरबर्न एक जुनं पुस्तक उसवत बसलीय:
साहेबलोकांनी सोपं इंग्रजी कसं लिहावं, त्याचं.
तार गेली. कार्बन पेपर गेला.
‘आपला आज्ञाधारक सेवक’ तर केव्हाच निवृत्त झाला;
त्याच्या खुर्चीत ‘हितधारक’ आणि ‘कृतिआराखडा’.
पाल्हाळ तेच, सदरा नवा.

पान एकशे बारा. वाईट पत्राचा नमुना:
‘उपरोक्त निवृत्तिवेतनधारकाच्या निधनाच्या अनुषंगाने
सदर रक्कम अनुज्ञेय नसल्याचे कळविण्यात येत आहे.’
खाली, मूळ लेखकाची दुरुस्ती:
‘तुमचे पती वारले. पेन्शन आता मिळणार नाही.’

सात शब्द. काचेसारखे स्वच्छ,
आणि काचेसारखेच लागणारे.

हे जरा मऊ करावं का?
म्युरिएल पेन्सिल चावते. चहावर साय धरलीय.

ब्रॅडफर्डच्या घरी आईने असंच एक पत्र
बिस्किटांच्या डब्यात जपलं होतं, ते लांबलचक, वरचं.
वाचता येत होतं तिला, चांगलं खणखणीत.
तरी दर रविवारी डबा उघडून
शेजारच्या ग्लेडहिलना विचारायची,
‘म्हणजे हे नाहीच म्हणतायत का हो?’
आणि ग्लेडहिल, भला माणूस,
चष्मा पुसत म्हणायचा, ‘तसं स्पष्ट नाही दिसत.’
चार वर्षं.

म्युरिएल त्या सात शब्दांना हात लावत नाही.
समासात फक्त लिहिते:
खाली नाव लिहा, वाचता येईल असं.
आणि फोन नंबर.
जो कुणीतरी उचलतं, तो.