पाकीट

ऑक्टोबरात ठकूचा तुरा फिका पडला.
रोज अंडं घालणारी ती, आधी दिवसाआड,
मग चार दिवसांनी, मग नाहीच.
कुंपणाशी मान आत ओढून उभी राहायची,
नापास झालेलं पोर घरी जायचं टाळतं तशी.

शेजारच्या ग्लेनिसनं तिला काखेत घेतलं, छातीचं हाड चाचपलं.
"सुरीसारखं लागतंय," म्हणाली.
ब्रेकनमध्ये चाळीस वर्षं कोंबड्या पाळलेली बाई,
निदान करते आणि चहा मागते एकाच दमात.
तिचा शब्द इंग्रजी होता. मला ऐकू आलं: जंत.
आणि एकदम जिभेवर वावडिंगाचा काढा,
माझं नाक दाबून धरणारी मोठी बहीण.

"आधी तपासून घे. उगाच औषध मारू नये."
म्हणून सकाळी दवात, हातमोजे घालून,
ठकूची, रंगूची, बयोची शिट काडीनं गोळा केली,
एका जागची नाही, सहा जागांची,
डबीत भरली, डबी पिशवीत, पिशवी पाकिटात.
प्रयोगशाळेचा पत्ता सुवाच्य अक्षरात.

तिकीट शोधायला खण उघडला
तर खाली दुसरं पाकीट.
मार्चपासूनचं. माझ्या नावाचं. सरकारी.
त्यातही एक काडी, एक बाटली,
पन्नाशी उलटलेल्यांनी घरीच करायची तीच तपासणी,
आणि परतीचं टपाल फुकट.
अच्युतनं दोनदा विचारलं होतं. मी म्हटलं होतं, बघते.
मी खण लावला. कोंबड्यांचं पाकीट टाकून आले.

उत्तर आलं: ग्रॅममागे सहाशे पन्नास अंडी.
म्हणजे अंडी होती,
ठकूची नव्हती एवढंच.

मग सात दिवस.
दाण्यात चमचाभर तेल, त्यावर पांढरी भुकटी,
हातानं चोळून, कणाकणाला लागेल अशी.
शिळा भात बंद, मका बंद, काकडीची सालं बंद,
दुसऱ्या कशानं पोट भरलं तर औषध कोण खाणार?
रंगू स्वयंपाकघराच्या काचेवर चोच आपटून
सात दिवस माझा उद्धार करत होती.

ग्लेनिस म्हणाली, औषध सोपं. जमीन अवघड.
गवत कापून काढ, मातीला ऊन लागू दे
(इथलं ऊन! उसनं आणलेलं, तेही मागे लागून).
खुराडं हलव. भुसा कोरडा ठेव. चिखलात दाणे टाकू नकोस.
आणि गांडुळांवर भरवसा ठेवू नकोस,
बिचारी गुणी असतात,
पण कोण काय पोटात घेऊन फिरतंय, वरून दिसत नाही.

पोटात ठेव, असं मला शिकवलं होतं.
सासूचं बोलणं, नणंदेचं गुपित,
दुखणं तर आधी.
मोठ्या पोटाची बाई म्हणजे चांगली बाई.
ठकूला हे कुणी शिकवलं नाही.
तिला बरं नव्हतं, ती फिकी पडली, कोपऱ्यात उभी राहिली,
लाज म्हणून नाही, सोय म्हणून नाही.

आठव्या दिवशी मी खण उघडला.
सूचना वाचल्या, चष्मा लावून, दोनदा.
काडी तशीच. हातमोजेही तेच, धुतलेले.
गवतात गुडघे टेकले होते ना कोंबड्यांसाठी,
मग न्हाणीघरात कसली शरम?
तरी वाटली. मोजून चार मिनिटं.
तारीख लिहिली. बाटलीचं झाकण टक्‌ वाजलं.

पुलाजवळच्या लाल पेटीत ते पडलं
तेव्हा आवाजही झाला नाही,
आत आधीच कुणाकुणाची पत्रं असतील.
पंधरा दिवसांत कळवू, असं छापलंय.

परत आले तर खुराड्यात एक अंडं.
कवच पातळ, एका बाजूला सुरकुतलेलं,
कुणाचं ते कळेना.
तिघीही अंगणात ओरडत होत्या
आणि ठकू जरा जास्तच.
बूट पुसले, अच्युतला सांगितलं:
पाठवलं.
कुठलं, त्यानं विचारलं नाही. चहाचं आधण ठेवलं.