पान एकोणचाळीस

पंचगंगा उतरली तेव्हा
श्रीमंधर मगदुमांनी पोथी आणली
बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात घालून.
"माळ्यावर होती," म्हणाले, "पण पाणीही माळ्यावर आलं."

शुक्रवार पेठेत, मठाच्या वरच्या खोलीत,
मी पानं सोडवायला बसले.
टीपकागद, खारीच्या नव्हे, तागाच्या कुंचल्या,
हाडाची पट्टी इथं चालत नाही, म्हणून बांबूची.
रोज चार पानं. कधी दोनच.
एकोणचाळिसावं सुटलं एका दुपारी,
वाळक्या ओठानं ओठ सोडावा
तेवढा आवाज करून.

तांबड्या जमिनीवर एक वैणिक, मांडी घातलेला,
पलीकडचा डोळा गालाच्या बाहेर निघालेला
जसा तेव्हाचे चितारी काढत,
आणि कुंडल एवढं मोठं
की कानच दिसत नाही.
समोरच्या पानावर, ओळींच्या अंगावर,
पुन्हा तोच.
फिकट. डावखुरा.
हा पुरानं काढलेला.

मिरजेहून नजीर सतारमेकर आले,
हात पाठीमागे बांधून वाकले, जसं तापलेल्या लाखेवर वाकतात.
"भोपळे दोन, बरोबर. पडदे मोजू नका, हौसेनं काढलेत.
पण तारा सात आणि खुंट्या चार?
उरलेल्या तीन काय दातात धरल्या ह्यानं?"
आपल्याच बोलण्यावर हसले.
मग चष्मा पुसला, समोरच्या पानाकडं वळले.
"बाई, ह्या डावऱ्याला तर चारच तारा हैत."

मी भिंग घेतलं.
चार तारा पिवळ्या, हरताळाच्या,
पाणी लागताच सैल होऊन पलीकडे गेलेल्या.
तीन काळ्या, जागच्या हललेल्या नाहीत.
काजळाची शाई. अक्षरांची तीच.
बोरूही तोच, रेघ संपताना
उजवीकडे जरा वळणारा,
पोथीभर प्रत्येक दंडाला वळतो तसा.

म्हणजे चिताऱ्याच्या नव्हेत.

लिहिणाऱ्यानं आधी लिहिलं असणार,
चित्रापुरता चौकोन कोरा सोडून.
मग पोथी गेली रंगायला,
दोन पावसाळ्यांनी परत आली असेल,
आणि ह्यानं ती उघडली.
नाव त्याचं शेवटच्या पानावर होतं,
वाळवीनं 'लिखितं' एवढंच ठेवलंय.
नाचगाण्याकडं पाठ फिरवायचं व्रत घेतलेला माणूस,
असं मगदूम सांगतात, त्यांच्या आजोबांचं ऐकून.
तरी त्याला चार कमी पडल्या.
कुठं ऐकल्या असतील त्यानं सात?
कुठल्या गावात, कुणाच्या भिंतीआडून,
आणि किती वर्षं कानात ठेवल्या असतील
हा चौकोन भरून येईपर्यंत?

"मग खुंट्या का नाही काढल्या?" मी विचारलं.
नजीरचाचा बराच वेळ गप्प. चहा गार झाला.
"तार कुठं बांधतात हे बनवणाऱ्याला ठाऊक असतंय.
हा नुसता ऐकणारा."
आणि जाताना, जिन्यात, वळून,
"माझ्या पोरासारखा."
मी पुढं विचारलं नाही.

नोंदवहीत रकाने पाच:
पान, आकार, रंग, कीड, डाग.
पान चाळीस, लिहिलं, डाग एक,
समोरच्या चित्राचा, ओळ तीन ते सात.
तारांना रकाना नाही.
डाग काढावा, असा नियम.
कापूस बुडवला, पिळला,
हातात धरून बसले,
तो हातातच वाळला.

खाली तालमीत हलगी सुरू झाली, गणपती जवळ आलेत.
तावदानं थरथरली, टेबल थरथरलं,
एकोणचाळिसावं पान कडेनं उचललं गेलं.
मी त्यावर शिशाचं वजन ठेवलं,
जरा बाजूला,
त्याच्या बोटांवर येऊ नये म्हणून.