वाढीव वजन

भुसावळच्या साइडिंगला लागून सहा नंबरचं शेड.
मी रुजू झाले तेव्हा गहू आत मावत नव्हता.
बाहेर लाकडी फळ्यांवर, काळ्या ताडपत्रीखाली
घराएवढ्या थप्प्या,
आणि मधल्या बोळांतून मुंगसं अशी फिरायची
जणू सातबारा त्यांच्या नावावर.

माझं काम चार रकान्यांचं.
आवक. जावक. घट. शिल्लक.
एक तारखेला शिल्लक फोनवरून सांगायची,
इथून मनमाड, मनमाडहून मुंबई, मुंबईहून दिल्ली.
तिथे कुणीतरी ती देशात मिळवायचं.
"पोचलं तुझं भुसावळ," साहेब म्हणायचे
आणि चहा मागवायचे.

लोटन हमालाला आकडे येत नव्हते.
तो दारात उभा राहून एक टाळी वाजवायचा
आणि मान तिरकी करून थांबायचा.
"आवाज परत उना नही, बाई. पोट भरेल शे."
माझ्या बेरजेला दुपार लागायची.

मग उतार लागला.
ताडपत्र्या घड्या होऊन कोपऱ्यात गेल्या,
फळ्यांवर गँगमनची पोरं पत्ते खेळू लागली.
एका सकाळी लोटनची टाळी तीनदा परत आली,
तिसऱ्यांदा तर दुसऱ्याच कुणी वाजवल्यासारखी.
त्याने हात बंडीला पुसले.
रात्री बातम्यांत साठा पुरेसा होता.

पुढे जहाजातून उतरलेला गहू आला,
बंदरावरच नव्याकोऱ्या पोत्यांत भरलेला.
नबाब तडवी यंत्राआधी दाताने मोजायचे:
दाणा कट्ट वाजला की नऊ टक्के ओल,
दबला की बारा.
"खारट लागतो का?" मी विचारलं.
बराच वेळ चावून म्हणाले,
"नाही. लांबचा लागतो."

आणि एक गोष्ट, जी मला
कुठल्याच शाळेत कुणी सांगितली नव्हती.
वैशाखात गहू येतो तो वाळून खडखडीत,
वर पत्रा तडतडत असतो.
भाद्रपदापर्यंत थप्पीत बसल्या बसल्या
तो हवा पितो,
आणि तेच पोतं काट्यावर जास्त भरतं.
पेरणी नाही, पाटाचं पाणी नाही,
राखणीला कुत्रंसुद्धा नाही,
तरी पिकलं.
पाचवा रकाना आखला: वाढ.

म्हणजे देशाच्या शिलकेत
थोडी तापीवरची हवा असते,
पुलाखालून आलेली,
दीपनगरच्या राखेचा वास असलेली.
हे मी फोनवर कधी बोलले नाही.
पंजाबातही कुणी कारकून असेल,
त्याच्याकडे त्याची नदी.

त्यानंतर पुन्हा डोंगर झाले, पुन्हा उतार.
एका वर्षी मार्चच असा तापला
की वर उत्तरेत दाणा लोंबीतच चिमला,
आणि ऐन हंगामात रेक आले ते अर्धे.
तोवर लोटनचे गुडघे गेले होते.
टाळी वाजवायला कुणी नव्हतं.
मी एकदा वाजवून पाहिली, दार लोटून घेऊन.
काय ऐकायचं असतं ते मला कळलं नाही.

आता मी घरीच असते.
आखाजीला लोटनकडे गेले.
सून खापरावर मांडे करत होती.
पिठाचा गोळा मुठीएवढा,
हातांवर फिरता फिरता कोपरापर्यंत आला,
पीठ तेवढंच,
आणि इतका पातळ की पलीकडचा जाळ दिसावा.

लोटन खाटेवर.
"यंदा कितला शे, बाई, देशमा?"
मी पेपरात वाचलेला आकडा सांगितला,
सगळी शून्यं मोजून, हळू.
त्याने तो ऐकला, मान तिरकी करून,
परत येतो का ते पाहत.
मग विचारलं, "वला का वाळेल?"

ते पेपरात दिलं नव्हतं.