घरी कोण कोण असतं

बॅलार्ड पिअरला पिवळ्या तापाची लस घेतली.
दंड ठणकतोय.
किगालीच्या शिवणवर्गाकडून आलेल्या कागदावर
एकच ओळ ठळक:
कुणालाही घरच्यांबद्दल विचारू नका.

मग बोलायचं कसं?
आपल्याकडे तर तिथूनच सुरुवात.
भाजीवाली, दातांचा डॉक्टर,
लस टोचणारी ती नर्ससुद्धा सुटली नाही.

रात्री माझगावच्या गॅलरीत सराव केला:
पाणी किती वाजता येतं?
हे कापड इथलंच का?
काज हातानं करता?
प्रश्न सुईत न गेलेल्या दोऱ्यासारखे.

पहाटे टॅक्सीवाले कुडाळकर
सहज म्हणाले,
घरी कोण कोण असतं, बाई?

आई, मोरेश्वर, वहिनी, तिची दोन,
मालाडची मावशीही धरली.
कुर्ला मागे पडलं
तरी संपेचनात.