दुसरी पसंती

मला मोजायला बसवलं
कारण डॉल्गेथलायमध्ये माझी भावकी नाही.
इथे खाटीक पोस्टमास्तरचा साडू,
पोस्टमास्तर चॅपेलातल्या ऑर्गनवालीचा मावसभाऊ,
आणि मी औषधवाली, मूळची धुळ्याची,
सगळ्यांचा रक्तदाब ठाऊक असलेली
आणि कोणाच्याच रक्तातली नसलेली.

पक्ष लहान. वेल्समधल्या चार खोऱ्यांपुरता.
जुन्या नेत्याने राजीनाम्यात गुडघ्यांचं कारण दिलं,
मागच्या निकालाचं दिलं नाही.
आता तिघे उभे:
गेथिन, वकील, बोलू लागला की तावदानंही कान देतात.
एमरिस, गुरांचा डॉक्टर,
अडलेल्या गायीत खांद्यापर्यंत हात घातलेला माणूस,
त्याला मंत्र्यांची कसली भीती?
आणि मायर. खजिनदार.
सव्वीस वर्षं सभेआधी खुर्च्या मांडते,
सभेनंतर रचते.

अशांना आमच्याकडे सतरंज्या उचलणारे म्हणतात,
मी तिला एकदा सांगितलं होतं.
तिने विचारलं,
ओली झाली की जड होत असेल, नाही?

गेथिन अकरा मिनिटं बोलला. एमरिस चार.
मायरने चष्मा लावून
कार्यालयाच्या छपराचा खर्च वाचून दाखवला
आणि गळतं कुठे ते बोट करून सांगितलं.
मग चहा, आणि बारा ब्रिथ.
त्यातलं 'बारा' म्हणजे पाव, हे कळायला मला वर्ष लागलं,
तोवर मी प्रत्येक ताटलीतले तुकडे मोजायचे.

बिस्किटांच्या डब्यातून चिठ्ठ्या निघाल्या. एकसष्ट.
प्रत्येकीवर तीन आकडे, पसंतीच्या क्रमाने.
मी गठ्ठे लावले:
गेथिन सत्तावीस,
एमरिस पंचवीस,
मायर नऊ.
नियम सोपा. शेवटचा बाद,
त्याच्या चिठ्ठ्या उरलेल्या दोघांत वाटायच्या.

बाद माणसासमोरचा २
कोणी मोजत नाही.
मी मोजले. टेबलाखाली, बोटांच्या पेरांवर,
आई दूधवाल्याचा हिशेब करायची तसे.
बावन्न चिठ्ठ्यांत अठ्ठेचाळीस.
एमरिसची माणसं गेथिनला तोंड दाखवत नव्हती,
गेथिनची एमरिसला,
पण तिच्यावर सगळे असे एकमताने थांबलेले
जसं लग्नाच्या पंगतीत
कोणाला तरी आग्रहाने म्हणावं,
तुम्ही घरचेच, तुम्ही मागाहून बसा.

त्या अठ्ठेचाळीसांत माझीही एक.
घडी मीच घातलेली, जरा तिरकी.
सकाळी वाटलं होतं, मायर तर आहेच,
आधी कोणीतरी बोलणारा येऊ दे.

आणि आणखी एक होती, जांभळ्या शाईची.
ती शाई मला ओळखू येते,
माझ्या सभासदत्वाच्या दोन्ही पावत्या तिच्यातल्या आहेत.
गेथिनसमोर १.
एमरिससमोर ३.
स्वतःच्या नावासमोर नीट, ठळक,
पावतीवर रक्कम लिहावी तसा २.

मी ती गठ्ठ्यात परत ठेवली, मधोमध.

नऊ वाटले. चार इकडे, पाच तिकडे.
एकतीस विरुद्ध तीस.
गेथिनने हात जोडल्यासारखं काहीतरी केलं,
एमरिसने त्याची पाठ थोपटली,
गाय उठून उभी राहिल्यावर थोपटतात तशी.
कोणीतरी पियानोचं झाकण उघडलं.
सगळे त्या कोपऱ्याकडे सरकले,
बाहेर कादर इद्रिसचा डोंगर ढगात शिरला होता
आणि आत खुर्च्यांचा खडखडाट सुरू झाला,
एकावर एक, एकावर एक.

हिशेब जुळला का? मायरने विचारलं.
जुळला, म्हटलं. एकसष्ट.
मी अजून काहीतरी म्हणणार होते,
वेल्शमध्ये त्याला शब्द नव्हता माझ्याकडे,
मराठीतही चटकन सापडला नाही.
तिने माझ्याकडे पाहिलं, मग डब्याकडे.

पाचाच्या वर रचू नकोस, म्हणाली,
कलंडतात.